स्कोअरबुकातला चार नंबर

३ डिसेंबर २००५, शनिवार. सकाळची शाळा सुटली होती आणि मी कार्यालयातलं मागचं लाकडी कपाट रिकामं करत होते. वाळवी खालच्या फळीपर्यंत चढली होती. शिपाई रॉकेलचा डबा घेऊन उभा होता आणि मी एकेक गठ्ठा झटकून दोन ढीग लावत होते, एक ठेवायचा, एक जाळायचा. वाळवी हे निमित्त होतं. मला एक पुस्तक हवं होतं, आणि सोमवारी अकराच्या आत हवं होतं.

पुसदच्या एका शाळेत मी तेव्हा मुख्य लिपिक होते. मैदानावर मुलामुलींना बास्केटबॉल शिकवायला मानधनावर एक माणूस घ्यायचा होता. सोमवारी संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक होती. उमेदवार निदान विभागाच्या अंतिम सामन्यात खेळलेला असावा आणि त्याचा लेखी पुरावा असावा, अशी अट होती. दोन अर्ज आले होते. एक बाहेरगावच्या माणसाचा, सोबत प्लास्टिकमध्ये बंद केलेलं प्रमाणपत्र, सही-शिक्क्यासकट. दुसरा अर्ज आमच्याच गावातला. त्याला एकही कागद जोडलेला नव्हता. एका पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली, तिच्याखाली पेटी गेली, आणि पेटीत प्रमाणपत्र होतं. पुराव्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, "सर्वांना माहीत आहे."

माहीत होतंच. गावातल्या चाळिशीपुढच्या कोणाही माणसाला विचारलं असतं तर त्यानं हातातलं काम ठेवून अर्धा तास सांगितलं असतं. पण कार्यकारिणीच्या फाईलला अर्धा तास टाचता येत नाही.

त्याला सगळे 'चार नंबर' म्हणत. हे नंबरांचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझ्या लहानपणी शाळेचं मैदान आणि सरकारी कापूस खरेदी केंद्र यांच्यामध्ये फक्त तारेचं कुंपण होतं. हंगामात कास्तकार बंड्या भरून कापूस आणायचे आणि त्या बैलबंड्या दोन-दोन, तीन-तीन दिवस रांगेत उभ्या राहायच्या. बैल सोडलेले, बंडीवर कापूस, कापसावर माणूस. माप होईपर्यंत त्याला दुसरं काम नसे. संध्याकाळी पाचला माझे बाबा, म्हणजे शाळेचे खेळाचे मास्तर, शिट्टी वाजवत आणि मुरमाच्या कोर्टावर खेळ सुरू होई. बंडीवाल्यांना आयती उंच बैठक मिळाली होती. कबड्डी त्यांच्या गावात होती, क्रिकेट त्यांना लांबलचक वाटे. हा खेळ त्यांना एका संध्याकाळी पटला. "वरून टाकाचं आन् खालून निघते," एकानं दुसऱ्याला समजावलेलं मी ऐकलं होतं, "गंजीवर गाठोडं फेकल्यावानीच हाये, फक्त गंजीले बुड नाही."

पोरांची नावं त्यांना माहीत नव्हती. तिथं त्यांना स्वतःलाही नाव नव्हतं. केंद्रावर प्रत्येक बंडीच्या पाटीवर खडूनं नंबर टाकत आणि माणसालाही त्याच नंबरानं पुकारत. त्यामुळे त्यांनी खेळणाऱ्यांनाही नंबरानंच ओळखलं. बास्केटबॉलमध्ये नंबर चारपासून सुरू होतात, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "पयले तीन कुठं गेले, मास्तर? विकले काय?" असं बाबांना दर हंगामाला कोणीतरी विचारी.

हळूहळू सगळं गावच त्या पोरांना नंबरानं ओळखू लागलं. पाच नंबर उंच होता, उडी न मारता त्याची बोटं जाळीला लागत. अकरा नंबर डावखुरा. नऊ नंबर फ्री थ्रो घेण्याआधी मुरमाला हात लावून तो कपाळाला लावायचा. आणि चार नंबर. तो उंच नव्हता, रुंद होता. वडील केंद्रावर हमाल, सुट्टीत तोही गाठोडी उचलायचा. बॉल त्याच्या हातात आला की बंड्यांवरचा गोंगाट एकदम थांबायचा आणि बॉल रिंगमधून गेला की पुन्हा सुरू व्हायचा. मधली ती शांतता मला आठवते, कारण मी त्या वेळी मान खाली घालून बसलेली असे. बाबांनी मला स्कोअर लिहायला बसवलं होतं. माझं अक्षर स्वच्छ होतं आणि मी कोणाकडे पाहत बसत नसे.

शाळा संपल्यावर चार नंबर त्याच केंद्रावर लागला. दर हंगामाला बोलावत, हंगाम संपला की घरी. वीसेक वर्षं त्यानं कापसाची गाठोडी गंजीवर चढवली आणि मोकळ्या महिन्यांत मिळेल ते काम केलं. मग ती वर्षं आली. सरकारी खरेदी आटपत गेली, लोक पडेल त्या भावानं खासगी व्यापाऱ्याकडे जाऊ लागले, आणि त्या वर्षी आमच्या कुंपणापलीकडचं फाटक उघडलंच नाही. रांगेच्या जागी गोखरू माजलं होतं. गावोगावच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी पेपर उघडायची भीती वाटे. चार नंबर आता पन्नाशीकडे झुकला होता. हंगामाची वाट पाहायची तर हंगामच उरला नव्हता. शाळेचं हे काम मिळालं तर मिळालं. नाहीतर लेकीकडे सुरतेला जाऊन तिच्या दारात बसायचं, हे त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, तेही विचारल्यावर.

म्हणून मी ते कपाट उपसत होते.

स्कोअरबुक तिसऱ्या फळीवर सापडलं. कडा खाल्लेल्या होत्या, मधली पानं शाबूत. एकोणतीस वर्षांपूर्वीचा विभागाचा अंतिम सामना, आमच्याच मैदानावर झालेला, आमच्या शाळेनं जिंकलेला. माझं सोळाव्या वर्षाचं अक्षर, खाली बाबांची सही. मी शिपायाला म्हटलं, "झालं काम, चहा सांग." मग चार नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

ओळ कोरी होती.

एकही गुण नाही, एकही फाऊल नाही. मैदानात उतरल्याची खूणसुद्धा नाही. त्याच्या चार ओळी खाली आठ नंबरची ओळ मात्र काठोकाठ भरलेली. अर्ध्याहून जास्त गुण आठ नंबरचे.

आता आठ नंबर कोण, तर आमच्या संस्थेचे उपाध्यक्ष. कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक. शाळेची पाण्याची टाकी त्यांनी बांधून दिली होती. संस्थेच्या रौप्यमहोत्सवात त्यांचा सत्कार झाला होता, 'विभागीय अंतिम सामन्याचे वीर' म्हणून. स्मरणिकेत अर्धं पान होतं. ती स्मरणिका मीच तयार केली होती, याच पुस्तकावरून एका रात्रीत फक्त सर्वाधिक गुणांच्या नोंदी उतरवून, बाकीच्या ओळी न पाहता. त्या वेळी लोक गालात हसले होते. मला वाटलं होतं, टाकी बांधून दिली म्हणून हसतात.

बाराच्या सुमाराला चार नंबर आला. दारातच चपला काढल्या.

"सापडलं काय, ताई?"

मी पुस्तक त्याच्यापुढे फिरवलं. त्यानं खिशातून चष्मा काढला, ओळ पाहिली, खालची ओळ पाहिली, चष्मा परत ठेवला.

"तुम्ही खेळला होतात का त्या दिवशी?" मी विचारलं. असं विचारणं मलाच विचित्र वाटत होतं.

"खेळलो ना."

"मग हे काय आहे?"

"तुमच्या हातचं हाये ना हे? मंग असंल बरोबर. तुमी कायले चुकीचं लिहान?"

याचा मला राग आला. माणसानं भांडावं. मी म्हटलं, "सोमवारी हे पुस्तक कोणी मागितलं तर मला द्यावं लागेल. आणि हे दिलं तर तुमचा अर्ज तिथंच संपला."

"आन् नाही देल्लं तं?"

"तर कागद नाही म्हणून संपला."

"मंग एकच हाये," तो म्हणाला आणि चपला घालून गेला.

मला चूक सहन होत नाही, आणि स्वतःची चूक आहे असं मानायची तर मला सवयच नव्हती. मी ते पान चार वेळा तपासलं. बेरीज बरोबर होती. दोन्ही अर्धांचे गुण जुळत होते. बेरीज बरोबर असली की मी आयुष्यात पुढचं पाहत नसे. पण गाव खोटं आणि पुस्तक खरं, हेही डोक्यात बसेना. शाळेच्या बास्केटबॉल कोर्टासमोर एका शिंप्याचं दुकान आहे. त्या काळी संघाची बनियनं त्यानंच शिवली होती. त्याला सांगून आले, "जुने लोक जे कोणी उरले असतील त्यांना उद्या सकाळी बोलवा. मला लेखी जबान्या घ्यायच्या आहेत. आणि मामा, गप्पा नकोत."

रविवारी तिघं आले. शिंपी स्वतः. फुलसावंगीचे एक कास्तकार, सत्तरी ओलांडलेले, काळी-पिवळी जीपमध्ये बसून आलेले. त्यांना सगळे काका म्हणत. आणि ढाणकीचा एक अडत्या, तेव्हा वडिलांच्या बंडीवर बसून यायचा, आता स्वतःचं पोट सांभाळत कोर्टाच्या कडेला बसला. मी फुलस्केप कागद आणि पॅड घेऊन दुकानासमोरच्या बाकावर बसले.

"शेवटचा बास्केट कोणी टाकला?" मी विचारलं.

"चार नंबरनं," तिघं एकदम म्हणाले. मला हायसं वाटलं.

"कसा?"

"डाव्या कोपऱ्यातून," काका म्हणाले.

"काका, कायले खोटं बोलता! उजव्या कोपऱ्यातून. बंड्या होत्या त्या बाजूनं."

"अबे, तू तवा एवढासा होता. तुह्या बापानं तुले कापसात बुडवून ठेवलता, फक्त नाक बाहीर. तुले काय दिसलं?"

"नाकाच्या वर डोये अस्तेत, काका."

"आन् टायमर संपल्यावर टाकला होता थो," शिंपी म्हणाला.

"संपल्यावर टाकला तर धरत नाहीत," मी म्हटलं.

"मंग आधी टाकला असंल."

मी लिहिलेलं खोडलं. एकाच्या मते चार नंबरनं मधल्या रेषेवरून टाकला, दुसऱ्याच्या मते दोघांना पाडून टाकला. मग ते माझं काम विसरले. पाच नंबर मोठा की चार नंबर मोठा, यावर अडत्या आणि काका हमरीतुमरीवर आले. पाच नंबरनं एकदा रिंगला लोंबकळून रिंगच वाकवली होती आणि जिनिंगच्या फिटरनं ती रातोरात सरळ करून दिली होती. ती अजून डावीकडे जरा झुकलेली आहे, हे दाखवायला अडत्या उठून कोर्टात गेला. "पाच नंबर ताकदीचा," काका म्हणाले, "पण चार नंबरले डोकं होतं. थो बॉलकडं पाहेच ना. समोरच्याच्या पायाकडं पाहे. बैल कोन्या अंगानं वयते ते पायावरूनच कयते ना!" मग म्हणाले, "तीन दिवस माहा नंबर लागला नाही तं मी त्या सेंटरवाल्याले शिव्या देल्ल्या. आन् चौथ्या दिवशी सकायीच लागला, तं संध्याकायची मॅच हुकली म्हून पुन्हा देल्ल्या."

हसू मलाही आलं. पण दहा वाजले होते आणि माझ्यापुढच्या तीन जबान्या एकमेकींचे गळे धरत होत्या. बैठकीत त्यांचा फक्त तमाशा झाला असता. मी पॅड बंद केलं.

"ऐका," मी म्हटलं, "पुस्तकात चार नंबरचा एक गुण नाही. सगळे आठ नंबरचे आहेत."

तिघं एकदम बोलले.

"आठ नंबर? थो?" काका उभेच राहिले. "थो तं बेंचावर बसून खाऊन राह्यलता! माह्याच बंडीतला ऊस! मी सोता पेर तोडून देल्ला त्याले!"

"पुस्तक खोटं हाये," अडत्या म्हणाला.

"पुस्तक मी लिहिलं आहे," मी म्हटलं.

यावर ते गप्प झाले, आणि तो गप्पपणा मला लागला. माझं तोंड पाहून गप्प झाले होते, पटून नाही.

शिंपी मामा तेवढे हलले नव्हते. म्हणाले, "ताई, पाहू बरं." मी पान काढून दिलं. त्यांनी आठच्या आकड्यावर नख ठेवलं.

"हा कोनता?"

"आठ. इंग्रजी. पुस्तक इंग्रजी आकड्यांतच लिहायचं असतं."

त्यांनी गळ्यातल्या टेपशी अडकवलेला खडू काढला आणि बाकाच्या फळीवर मराठी चार काढला. मोठा, ठसठशीत. ४.

"मी मराठी आकडे शिवलते. मले तेच येत. बंडीवाल्यायलेही तेच वाचता येत. लाल कपड्याची पट्टी कापून लावलती. आता चारचं वरतं तोंड उघडं अस्ते. तसं ठेवलं तं धुतल्यावर दोन्ही टोकं उसवून लोंबत. मास्तर वरडले माह्यावर. म्हून मी काय केलं," असं म्हणून त्यांनी खडूनं त्या चारची वरची दोन टोकं एकमेकांना जोडली, "टाका मारून बंद करून टाकलं."

फळीवर इंग्रजी आठ होता.

अडत्या म्हणाला, "आयला!" आणि माझ्याकडे पाहून जीभ चावली.

सामन्याच्या टेबलावर माझ्याशेजारी कोण होतं, ते मला तेव्हा आठवलं. बाहेरच्या जिल्ह्यातले एक मास्तर, इंग्रजी शाळेतले. त्यांनी मैदानाकडे पाहून नंबर पुकारायचा आणि मी लिहायचा, असा नियम होता. ते पुकारत होते, "एट. टू पॉइंट्स." मी लिहीत होते. बाबांनी बजावलं होतं, मान वर करायची नाही. मी केली नाही. खाली बाबांनी सही केली ती बेरीज पाहून. आणि खऱ्या आठ नंबरचं बनियन मराठी ८ चं होतं, त्याच्याकडे पाहून कोणाला काही वाचावंच लागलं नाही, कारण ते बनियन बेंचावरून उठलंच नव्हतं.

यातलं सगळ्यात वाईट ते पुढेच होतं. कुंपणावरून, बंड्यांवरून शंभर-दोनशे माणसं ओरडत होती, "चार नंबर! चार नंबर!" ते मला ऐकू येत होतं. आजही येतं. मी ते ऐकत होते आणि 8 लिहीत होते. गोंगाट हा पुरावा नसतो, असं तेव्हाच माझ्या मनानं ठरवलेलं होतं.

घरी जाऊन मी निवेदन लिहिलं. दीड पान. मामांकडून जुन्या बनियनचा तसाच एक आकडा लाल कापडावर शिवून घेतला आणि टाचणीनं लावला. तिघांच्या जबान्यांतून कोपरे, रेषा, टायमर सगळं काढून टाकलं आणि एकच वाक्य ठेवलं, जे तिघांचं जुळत होतं: बनियनवरचा आकडा चार होता आणि तो खेळला. सह्या घेतल्या. काकांनी अंगठा न लावता सही केली, हळू, पाच मिनिटं लावून.

सोमवारी बैठकीत मी नेहमीप्रमाणे टेबलाच्या टोकाला इतिवृत्ताची वही घेऊन बसले. अध्यक्ष म्हातारे वकील. त्यांच्या उजवीकडे उपाध्यक्ष. मुख्याध्यापक आणि आणखी दोन सदस्य. तिघं साक्षीदार बाहेर व्हरांड्यात, आणि त्यांच्यापासून लांब, खांबाशी, चार नंबर. विषय आला तसं मी निवेदन वाचलं. लाल कापड टेबलावरून फिरलं.

उपाध्यक्षांनी कापडाला हात लावला नाही.

"बाई, हे पुस्तक तुमच्याच हातचं ना?"

"हो."

"सही तुमच्या वडिलांची?"

"हो."

"एकोणतीस वर्षं ते खरं होतं. आता एका माणसाला कामावर लावायचं आहे म्हणून खोटं झालं. मग बाकीच्या रजिस्टरांचं काय? हजेऱ्या, दाखले, जन्मतारखा? त्याही सोयीनं बदलणार?"

हा प्रश्न योग्य होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच विचारला असता. मी म्हटलं, "बाकीचं सगळं तपासून घ्या. मी कपाटाच्या किल्ल्या इथं ठेवते." आणि ठेवल्या.

मुख्याध्यापक खिडकीबाहेर पाहू लागले. एक सदस्य म्हणाला की दुसऱ्या उमेदवाराचा कागद स्वच्छ आहे, आपण वाद कशाला घ्यायचा. अध्यक्षांनी मान हलवली. त्यांचा हात दुसऱ्या फाईलकडे गेला तेव्हा मला वाटलं, संपलं. मी म्हटलं, "साक्षीदार बाहेर आहेत. एकाला तरी बोलवा."

काका आत आले. टोपी काढली नाही. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही तो सामना पाहिला?"

"पाह्यला ना जी. बंडीवर बसून."

"त्या दिवशी हे साहेब," अध्यक्षांनी उपाध्यक्षांकडे हात केला, "खेळले होते का?"

"साहेब?" काकांनी नीट पाहून घेतलं. "नाही जी. साहेब बेंचावर बसून ऊस खाऊन राह्यलते. म्याच देल्लता."

कोणीतरी खोकलं. उपाध्यक्षांचा चेहरा तांबडा झाला.

"काहीही सांगता काय तुम्ही! ऊस नव्हता तो, बोरं होती."

मग ते थांबले.

काका म्हणाले, "हाव, असतीन. बोरंही होती बंडीत." आणि ते खरंच आठवण्याचा प्रयत्न करत होते.

कोणी हसलं नाही. हसले असते तर सगळं बिघडलं असतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. उपाध्यक्षांनी लाल कापड हातात घेतलं, पालथं केलं, टाके पाहिले. ते म्हणाले, "मला कोणी विचारलंच नव्हतं. स्टेजवर नाव पुकारलं, मी गेलो. शाल घातली, मी घेतली." हेही खरं होतं. मग कापड खाली ठेवून ते जिनिंगच्या मालकासारखे बोलू लागले. "ठीक आहे. तो खेळला. लिहा. पण स्मरणिकेत माझं नाव मी छापलं नाही. उद्या लोक म्हणतील, यानं खोटा सत्कार करून घेतला. चूक झाली असेल तर ती कोणाच्या तरी नावावर लागली पाहिजे. स्मरणिका कोणी तयार केली?"

"मी," मी म्हटलं.

"नोंद पडताळली होती?"

"नाही. पुस्तकावरून उतरवली."

"मग तसं तुमच्या सेवापुस्तकात येऊ द्या. माझी हरकत नाही."

अध्यक्ष म्हणाले, "एवढ्यासाठी सेवापुस्तक कशाला? तोंडी समज पुरे."

"मग नेमणुकीला माझी हरकत आहे," उपाध्यक्ष म्हणाले. "आणि ती लेखी नोंदवा."

पुढच्या वर्षी अधीक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि ज्येष्ठतेनं ती माझी होती. शेरा असलेल्या माणसाला ती मिळत नाही. हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं, उपाध्यक्षांना सर्वांत जास्त. अध्यक्ष माझ्याकडे पाहत राहिले. दाराच्या फटीतून व्हरांड्यातला खांब दिसत होता.

मी म्हटलं, "शेरा लावा. दोन्ही ठराव एकाच बैठकीत होऊ द्या." आणि पेनाचं टोपण काढलं, कारण ते लिहायचं काम माझंच होतं. आधी नेमणुकीचा ठराव लिहिला. वाचून दाखवला, पाचही सह्या घेतल्या. मग दुसरा लिहिला.

बाहेर आले तेव्हा काका खालच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. अडत्या आणि मामा गेले होते. चार नंबर खांबापासून हलला नव्हता.

"झालं," मी म्हटलं. "आदेश उद्या मिळेल."

"बरं," तो म्हणाला. मग, "तुमाले काही त्रास तं नाही झाला ना, ताई?"

"त्रास माझा मी बघेन. मुलींचीही टीम बसवायची आहे, ते लक्षात ठेवा."

काका खालून म्हणाले, "आता तरी सांग बाबा, डाव्या कोपऱ्यातून का उजव्या?"

चार नंबरनं विचार केला. "मले वाटते समोरून," तो म्हणाला, आणि काकांनी तंबाखू थुंकून त्याला शिवी दिली.

मंगळवारी सकाळी मी सात वाजता कार्यालय उघडलं. शिपाई यायचा होता. माझं सेवापुस्तक काढलं, शेऱ्यांच्या पानावर तारीख टाकली आणि ठरावातला मजकूर माझ्या हातानं शब्दशः उतरवला: स्मरणिकेतील खेळाडूविषयक नोंद पडताळणी न करता छापल्याबद्दल समज. अक्षर नेहमीसारखं आलं. मुख्याध्यापकांच्या सहीसाठी ते त्यांच्या टेबलावर उघडं ठेवलं. मग टाइपरायटरला कार्बन लावून दोन कागद चढवले आणि नेमणुकीचा आदेश टाइप केला, त्याचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मुख्याध्यापक आल्यावर त्यावर त्यांची सही घेतली आणि जावक रजिस्टरात नोंद केली. एक प्रत फाईलला लावली आणि दुसरी घेऊन मैदानाकडे गेले.